तेल जिभेखाली, वाफ फुफ्फुसात: सीबीडी व्हेप निवडण्याआधी

एका मैत्रिणीने टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या. दोन्ही बोटभर उंचीच्या, गडद काचेच्या, दोन्हींवर हिरवं पान आणि ठसठशीत अक्षरांत ‘सीबीडी’, म्हणजे गांजाच्या झाडातलं नशा न आणणारं संयुग. एकीच्या झाकणाला ड्रॉपर, दुसरीला निमुळती चोच. चोचवाली संपत आली होती, म्हणून तिने ड्रॉपरवालीतले चार थेंब व्हेपच्या, म्हणजे द्रव तापवून वाफ ओढायच्या यंत्राच्या, टाकीत घालायला घेतले.

‘‘अगं थांब, हे त्यातलं नाही,’’ मी म्हणाले.

‘‘म्हणजे? दोन्हीत सीबीडीच तर आहे. उलट हे जास्त स्ट्राँग आहे.’’

मग आम्ही दोन्ही बाटल्या फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. ड्रॉपरवालीत सीबीडी एमसीटी तेलात विरघळवलेलं होतं. एमसीटी म्हणजे खोबरेल किंवा पाम तेलातून वेगळा काढलेला हलका भाग. हे जिभेखाली धरायचं आणि गिळायचं. चोचवालीत प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि वनस्पतिजन्य ग्लिसरीन होतं. त्यांना धंद्यात पीजी आणि व्हीजी म्हणतात. हे तापवून वाफ करण्यासाठीच बनवलेलं असतं. नाव एक, पान एक, पण एक वस्तू पोटासाठी आणि दुसरी फुफ्फुसासाठी.

सीबीडी व्हेप निवडताना पहिला उंबरठा हाच. सीबीडी किती आहे हे नंतर पाहू. ते कशात विरघळवलंय, ते आधी.

पोटात तेल गेलं तर त्याची सोय आहे. पित्त त्याचे बारीक थेंब करतं, एन्झाइम ते फोडतात आणि उरलेलं काम यकृत पाहतं. फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्यांकडे यातलं काहीच नाही. तिथे आलेला तेलाचा थेंब भक्षक पेशी गिळतात, त्यांना तो पचत नाही, त्या फुगून बसतात आणि आजूबाजूला सूज धरते. याला लिपॉइड न्यूमोनिया म्हणतात. व्हेप जन्माला यायच्या कितीतरी आधी, १९२५ सालीच त्याची वैद्यकीय नोंद झाली होती. तेव्हा कारण होतं नाकात घालायचे तेलाचे थेंब आणि पोट साफ होण्यासाठी घेतलेलं खनिज तेल, जे चुकून श्वासनलिकेत उतरायचं. आता त्याच तेलाची आपण हौसेने वाफ करून आत ओढायला निघालो, तर फुफ्फुसाने काय करावं?

माझं मत आधीच सांगते. ज्याने कधी व्हेप ओढलेला नाही त्याने केवळ सीबीडीसाठी तो सुरू करू नये. पण जे आधीच ओढतात, किंवा ओढणारच आहेत, त्यांना ‘करू नका’ एवढंच सांगून निघून जाणं मला पटत नाही. कारण या बाजारात चांगलं आणि भयंकर एकाच खोक्यात, एकाच हिरव्या पानाखाली मिळतं. निवडणं म्हणजे इथे मुख्यतः नाकारणं.

आधी पदार्थ समजून घेऊ

सीबीडी म्हणजे कॅनाबिडिऑल. गांजा आणि हेम्प (धाग्यासाठी, बियांसाठी लावतात तो नशा न आणणारा प्रकार) ही एकाच झाडाची भावंडं. या झाडात कॅनाबिनॉइड नावाची शंभराहून जास्त संयुगं सापडतात, त्यातली दोन प्रसिद्ध: नशा आणणारं टीएचसी आणि नशा न आणणारं सीबीडी. गंमत म्हणजे दोघांचं रेणुसूत्र तंतोतंत एक आहे: २१ कार्बन, ३० हायड्रोजन, २ ऑक्सिजन. फक्त अणूंची मांडणी थोडी वेगळी. टीएचसीत एक वळसा बंद होतो, सीबीडीत तो उघडा राहतो, आणि एवढ्याशा फरकाने मेंदूतल्या कुलपाला एक किल्ली बसते, दुसरी बसत नाही. सीबीडी १९४० साली अमेरिकेत रॉजर अॅडम्स यांच्या गटाने वेगळं काढलं. त्याची रचना मात्र १९६३ मध्ये इस्राएलमध्ये राफाएल मेशुलाम आणि त्यांच्या सहकाऱ्याने उलगडली.

यातून एक कामाची गोष्ट निघते. सीबीडीने डोकं गरगरत नाही, हसू फुटत नाही, वेळ लांबत नाही. ‘सीबीडी’ म्हणून घेतलेल्या व्हेपने असं काही झालं तर माल जबरदस्त आहे असं समजू नका, माल दुसराच आहे असं समजा. अमेरिकेतल्या यूटा राज्यात २०१७ च्या अखेरीस आणि २०१८ च्या सुरुवातीला ‘सीबीडी’ म्हणून विकल्या गेलेल्या मालाने ५२ जणांना विषबाधा झाली. भ्रम, झटके, उलट्या. सीबीडी झटके आणत नाही, उलट काही प्रकारच्या झटक्यांवर ते औषध आहे. तपासात त्या मालात प्रयोगशाळेत बनवलेलं कृत्रिम कॅनाबिनॉइड सापडलं.

बुडबुड्याची परीक्षा

२०१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या रुग्णालयांत धडधाकट तरुण माणसं श्वास लागून दाखल व्हायला लागली. सगळे व्हेप ओढणारे. फेब्रुवारी २०२० पर्यंत अशा २,८०७ रुग्णांची आणि ६८ मृत्यूंची नोंद झाली. बहुतेकांनी टीएचसीची कार्ट्रिज, म्हणजे अर्क भरून मिळणाऱ्या, बॅटरीवर बसवायच्या छोट्या नळ्या, वापरली होती, तीही अधिकृत दुकानाबाहेरून आणलेली. मग ५१ रुग्णांच्या फुफ्फुसातला द्राव धुऊन काढून तपासला. त्यातल्या ४८ जणांत व्हिटॅमिन ई अॅसिटेट निघालं. तुलनेसाठी घेतलेल्या ९९ निरोगी माणसांपैकी एकातही ते नव्हतं.

व्हिटॅमिन ई अॅसिटेट हे काही विष नाही. ते त्वचेला लावायच्या क्रीममध्ये असतं, गोळ्यांत असतं. पुन्हा तीच गोष्ट: त्वचेला चालतं, पोटाला चालतं, फुफ्फुसाला चालत नाही. पण ते कार्ट्रिजमध्ये आलं कसं, ही गोष्ट सीबीडी घेणाऱ्यानेही ऐकण्यासारखी आहे.

कार्ट्रिज घेणाऱ्यांची एक घरगुती परीक्षा होती. कार्ट्रिज उलटं करायचं आणि आतला हवेचा बुडबुडा किती सावकाश वर चढतो ते पाहायचं. बुडबुडा रेंगाळला तर आतला अर्क दाट, म्हणजे अस्सल. झरकन गेला तर कोणीतरी पातळ केलंय. भेसळ करणाऱ्यांनी ही परीक्षा ओळखली आणि अशी वस्तू शोधली, जी स्वस्त आहे, रंग बिघडवत नाही, वास मारत नाही आणि अर्काइतकीच दाट आहे. बुडबुडा रेंगाळत राहिला, घेणारे खूश होत राहिले.

म्हणून नुसत्या डोळ्यांनी करायच्या कुठल्याही परीक्षेवर माझा विश्वास नाही. रंग, दाटपणा, वास, खोक्याची छपाई, झाकणाचं सील, या सगळ्यांची नक्कल करता येते. सीबीडीच्या बाटलीत नेमकं काय आहे ते प्रयोगशाळेला कळतं, आपल्याला नाही. आपल्या हातात एवढंच आहे की प्रयोगशाळेने काय म्हटलंय ते नीट वाचायचं.

आणि लेबलावर तर मुळीच विसंबू नये. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ऑनलाइन विकत घेतलेली ८४ सीबीडी उत्पादनं तपासली. लेबलावरचा आकडा आणि आतला आकडा जुळला तो फक्त २६ मध्ये. १८ मध्ये टीएचसी निघालं. वेगवेगळ्या प्रकारांत सगळ्यात जास्त गोंधळ व्हेपच्या द्रवांचाच होता: आठातल्या सात बाटल्यांवरचा आकडा चुकीचा.

अहवाल कसा वाचायचा

चांगला विक्रेता प्रत्येक खेपेचा प्रयोगशाळा अहवाल देतो. त्याला ‘सर्टिफिकेट ऑफ अॅनालिसिस’ किंवा नुसतं ‘सीओए’ म्हणतात. बाटलीवर क्यूआर कोड असतो, तो उघडला की अहवाल दिसायला हवा. बरेच जण कोड आहे एवढं पाहून समाधान मानतात. कोड असणं म्हणजे दाराला घंटी असणं, आत कोणी आहे की नाही ते दार उघडल्यावर कळतं.

मैत्रिणीच्या चोचवाल्या बाटलीचा कोड आम्ही उघडला. कागद देखणा होता. वर प्रयोगशाळेचं नाव, बोधचिन्ह, खाली सही. मी आधी बॅच नंबर शोधला. बाटलीच्या बुडाशी शाईने उमटवलेला नंबर आणि अहवालातला नंबर वेगळा. तारीख पाहिली तर दोन वर्षांपूर्वीची. म्हणजे कधीतरी एक खेप तपासून घेतली आणि तोच कागद पुढच्या सगळ्या बाटल्यांना चिकटवला. शेतातून येणाऱ्या मालाची प्रत्येक खेप वेगळी असते. जमीन वेगळी, फवारणी वेगळी, अर्क काढायचं द्रावक वेगळं. दुसऱ्याचा रक्त तपासणीचा रिपोर्ट हातात घेऊन आपली साखर नॉर्मल आहे म्हणण्यासारखं हे झालं.

नंबर जुळला असता तर पुढे काय पाहिलं असतं? प्रयोगशाळा विक्रेत्याची स्वतःची नाही ना, आणि तिला आयएसओ १७०२५ ही मान्यता आहे का. ती चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळांसाठीची आंतरराष्ट्रीय मान्यता आहे. शंका आली तर प्रयोगशाळेच्या स्वतःच्या साइटवर जाऊन अहवाल क्रमांक टाकून पाहावा. कागदावर खाडाखोड करणं कोणालाही जमतं.

मग येतो कॅनाबिनॉइडचा तक्ता. त्यात सीबीडी आणि सीबीडीए अशा दोन ओळी दिसतात. झाडात सीबीडी मुळात आम्लरूपात, म्हणजे सीबीडीए म्हणून असतं. तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सीबीडी उरतं. वजन तेवढं घटतं, म्हणून एकूण सीबीडी काढताना सीबीडीएला ०.८७७ ने गुणतात आणि सीबीडीत मिळवतात. टीएचसीचंही तसंच. विक्रेता टीएचसी शून्य म्हणत असेल आणि टीएचसीएच्या ओळीत आकडा असेल, तर व्हेपच्या उष्णतेत त्याचं टीएचसी होणारच आहे. ‘एनडी’ म्हणजे आढळलं नाही. पण शेजारी ‘एलओक्यू’ असा रकाना असतो, म्हणजे त्या यंत्राला खात्रीने मोजता येणारं कमीत कमी प्रमाण. तो आकडा मोठा असेल तर ‘आढळलं नाही’ याला फार अर्थ उरत नाही. जाड भोकांच्या चाळणीवर काही राहिलं नाही म्हणजे बारीक खडे नव्हते असं नाही.

बहुतेक अहवाल या तक्त्यापाशीच संपतात. खाण्याच्या वस्तूसाठी ते कदाचित चालवून घेता येईल. ओढायच्या वस्तूसाठी मी चालवून घेणार नाही. पुढची पानं हवीत.

जड धातू हवेत: शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा. हेम्पची मुळं जमिनीतले धातू इतके पटकन शोषतात की दूषित जमीन स्वच्छ करायला हे झाड लावून पाहिलं जातं. त्याच गुणामुळे ते वाईट जमिनीत वाढलं तर अर्कही तसाच. त्यात कार्ट्रिजचे स्वतःचे धातूचे भाग आणि जोड असतात आणि भरलेला अर्क त्यांच्यात मुरत राहतो. म्हणून मूळ तेलाचा अहवाल आणि भरलेल्या कार्ट्रिजचा अहवाल यांत फरक पडू शकतो. दुसरा दाखवणारा विक्रेता दिसला तर त्याचं माप माझ्या मनात वाढतं.

उरलेली द्रावकं हवीत. अर्क ब्युटेन, हेक्झेन किंवा इथेनॉलने काढलेला असू शकतो आणि ते शेवटपर्यंत उडवून लावलेलं नसेल तर ते तुमच्या छातीत जाईल. कीटकनाशकं हवीत. मायक्लोब्युटानिल नावाचं एक बुरशीनाशक द्राक्षांवर वगैरे सर्रास वापरतात, पण ते तापवलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटतो. खाताना चालतं आणि ओढताना घात करतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. बुरशी आणि जिवाणूंची तपासणी हवी. आणि २०१९ नंतर व्हिटॅमिन ई अॅसिटेटची वेगळी ओळ हवी.

यातलं एखादं पान नसेल तर मागावं. उत्तर म्हणून ‘आमचा माल शंभर टक्के नैसर्गिक आहे’ असं आलं, तर बाटली परत खाली ठेवावी. शिसंही नैसर्गिकच आहे.

विरघळवलंय कशात, आणि चव कशाची

चोचवाल्या बाटलीतला द्रव पीजी आणि व्हीजीचा असतो. पीजी पातळ, घशाला जरा जास्त टोचणारं. व्हीजी दाट, गोडसर, ढगासारखी वाफ देणारं. सीबीडी पीजीत बरं विरघळतं, व्हीजीत तितकं नाही. म्हणून व्हीजी फार जास्त असलेल्या द्रवात, विशेषतः थंडीत, तळाशी स्फटिक बसलेले दिसतात. हा माल बिघडल्याचा पुरावा नाही. बाटली मुठीत धरून कोमट केली, हलवली की ते पुन्हा विरघळतात. पण न हलवता वापरलं तर वरचे झुरके फिके आणि तळाचे कडक होतील. काहींना पीजीची अॅलर्जी असते, घसा खवखवतो. त्यांना व्हीजीकडेच जावं लागतं.

कार्ट्रिजमध्ये बहुधा अर्कच भरलेला असतो आणि तो वाहता राहावा म्हणून त्यात टर्पीन मिसळतात. लिंबाच्या सालीला, पाइनच्या झाडाला ज्यांचा वास असतो ती ही सुगंधी संयुगं. थोडी असली तर ठीक. फार असली तर जास्त उष्णतेत त्यांचे तुकडे पडतात. पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं, की खूप तापवल्यावर टर्पीनपासून मेथाक्रोलीन आणि बेंझीन बनतात.

स्वादांबाबत माझा नियम साधा आहे: जितका कमी तितका बरा. डायअॅसिटिल या संयुगाने लोण्यासारखा वास येतो आणि खायला ते सुरक्षित मानलं जातं. पण २००० च्या सुमारास अमेरिकेतल्या मिसुरीमधल्या पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांच्या फुफ्फुसातल्या बारीक नळ्या त्याच्या वाफेने कायमच्या अरुंद झाल्या. दालचिनीचा स्वाद देणारं सिनामाल्डिहाइडही श्वासमार्गाला झोंबतं. ‘खाद्य दर्जाचा स्वाद’ हे शब्द बाटलीवर अभिमानाने छापलेले असतात. ते खरेच असतात, फक्त खाण्याबद्दलचे.

आणखी दोन नावं ओळखून ठेवा. ‘पाण्यात विरघळणारं’ किंवा ‘नॅनो’ सीबीडी हे पेयांसाठी इमल्सिफायर, म्हणजे तेल पाण्यात मिसळून ठेवणारा पदार्थ, घालून केलेलं असतं, ते व्हेपमध्ये घालायचं नाही. आणि ‘हेम्प सीड ऑइल’ हे नुसतं बियांचं तेल आहे. बियांत सीबीडी जवळजवळ नसतंच. म्हणजे सीबीडीही मिळणार नाही आणि वर फुफ्फुसात तेल जाणार.

आकड्यांचा खेळ

३० मिलिलिटरच्या बाटलीवर ‘१००० मिलिग्रॅम’ आणि १० मिलिलिटरच्या बाटलीवर ‘५०० मिलिग्रॅम’. कोणती कडक? पहिली ३३ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, दुसरी ५०. मोठा आकडा बाटलीच्या आकाराचा आहे. भागाकार केल्याशिवाय दोन उत्पादनांची तुलना करूच नये.

आता झुरक्याचा हिशेब. एका झुरक्यात साधारण ५ मिलिग्रॅम द्रव उडतो असं धरू. ५ टक्क्यांच्या द्रवात त्यातून पाव मिलिग्रॅम सीबीडी मिळेल. १ मिलिलिटरच्या, ५०० मिलिग्रॅमच्या कार्ट्रिजमधून अडीच मिलिग्रॅम. दहापट फरक, आणि तोंडाला लागणारी वाफ जवळपास तशीच. कार्ट्रिजवर नव्याने आलेला माणूस द्रवाच्या सवयीने एकामागून एक झुरके ओढतो, तेव्हा गडबड होते ती अशी. एक झुरका घ्यावा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबावं. ओढलेलं सीबीडी काही मिनिटांत रक्तात येतं. गिळलेल्याला तास-दोन तास किंवा त्याहून जास्त लागतात. व्हेपचा खरा फायदा हा वेगच, दुसरा फारसा नाही.

दुसरा हिशेब जाहिरातींसाठी. सीबीडीने भीती कमी होते हे सांगताना ज्या प्रयोगांचा हवाला देतात, त्यात लोकांसमोर भाषण करायला लावण्याआधी माणसांना ३०० किंवा ६०० मिलिग्रॅम सीबीडी तोंडावाटे दिलेलं होतं. गिळलेल्यातलं सुमारे ६ टक्के रक्तात पोहोचतं असं मानतात, म्हणजे ३०० मधलं १८ मिलिग्रॅम. ओढलेल्यातलं ढोबळ मानाने ३१ टक्के पोहोचतं. तेवढेच १८ मिळवायला ५८ मिलिग्रॅम ओढावं लागेल. पाव मिलिग्रॅमच्या झुरक्याने सव्वादोनशेहून जास्त झुरके. दोन-चार झुरक्यांनी मन शांत झालं तर त्यात सावकाश, खोल श्वास घेण्याचाही वाटा असेल, आणि तो फुकट आहे.

फुल, ब्रॉड की आयसोलेट

आयसोलेट म्हणजे नुसतं सीबीडी, पांढरी भुकटी. ब्रॉड स्पेक्ट्रम म्हणजे झाडातली इतर संयुगं ठेवून टीएचसी काढलेलं. फुल स्पेक्ट्रम म्हणजे थोडं टीएचसीही ठेवलेलं. सगळी संयुगं मिळून जास्त चांगलं काम करतात असं फुल स्पेक्ट्रमचे चाहते सांगतात. त्याचा पुरावा अजून पातळ आहे. व्हेपसाठी मी आयसोलेटच्या बाजूची आहे, कारण त्यात कमी गोष्टी आहेत आणि कमी गोष्टी तपासणं सोपं असतं. नोकरीत किंवा खेळात लघवीची तपासणी होत असेल तर प्रश्नच मिटतो. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे वाडाने, २०१८ पासून सीबीडी बंदीच्या यादीतून काढलं, पण बाकी कॅनाबिनॉइड त्या यादीत आहेतच. तपासणी करणाऱ्याला तुमच्या बाटलीवरचं पान दिसत नाही, टीएचसीची खूण दिसते.

शेजारच्या फळीवर डेल्टा-८ किंवा एचएचसी असं लिहिलेली कार्ट्रिज असतात. ती सीबीडी नव्हेत. डेल्टा-८ बहुधा सीबीडीवर आम्लाची प्रक्रिया करून बनवतात, ते नशा आणतं आणि प्रक्रियेतली अनोळखी उपउत्पादनं त्यात राहू शकतात.

यंत्र आणि उष्णता

डिस्पोजेबल पेन, पॉड (यंत्रात बसवायची छोटी डबी), भरायची टाकी, किंवा ५१० नावाच्या ठरावीक आट्यांच्या बॅटरीवर बसणारं कार्ट्रिज. पातळ द्रव टाकीत आणि पॉडमध्ये चालतो, दाट अर्क कार्ट्रिजमध्ये. उलट केलं तर पातळ गळतं आणि दाट वातीत चढतच नाही. वात कोरडी राहिली की कॉइल, म्हणजे आतली तापणारी तार, ती जाळते आणि जळका, घसा कापणारा झुरका येतो. तो आला की थांबायचं, ‘एक अजून’ करायचं नाही.

सीबीडी साधारण १६० ते १८० अंश सेल्सियसला वाफ व्हायला लागतं. तेवढं पुरतं. पीजी-व्हीजी फार तापले की त्यातून फॉर्मल्डिहाइड, अॅसिटाल्डिहाइड, अॅक्रोलीन निघतात. २०१५ मध्ये एका प्रयोगात ३.३ व्होल्टला फॉर्मल्डिहाइडच्या खुणा सापडल्या नाहीत, ५ व्होल्टला भरपूर सापडल्या. टीकाकार म्हणाले, त्या यंत्रावर ५ व्होल्टला इतका जळका झुरका येतो की माणूस तो ओढूच शकणार नाही. दोन्ही बाजूंचं मिळून एकच निघतं: व्होल्टेज बदलता येणारी बॅटरी घ्या, खालच्या टोकापासून सुरुवात करा आणि जिभेला जळकट लागलं तर तिचं ऐका.

कोणाकोणाने या वाटेला जाऊच नये

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, मुलं आणि किशोरवयीन, दमा किंवा फुफ्फुसाचा जुना आजार असणारे, यकृताचा त्रास असणारे. आणि रोजची औषधं घेणारे. यकृतातले जे एन्झाइम अनेक औषधं मोडतात, त्यांनाच सीबीडी अडवतं, त्यामुळे ती औषधं रक्तात साचतात. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध, अवयव प्रत्यारोपणानंतर देतात ते टॅक्रोलिमस, अपस्मारावरचं क्लोबाझाम ही त्यातली नेमकी नावं. मान्यता मिळालेलं सीबीडीचं औषध, एपिडायोलेक्स, अमेरिकेत २०१८ मध्ये दोन दुर्मीळ प्रकारच्या अपस्मारासाठी मंजूर झालं. ते पिण्याचं द्रावण आहे आणि ते देतानाही डॉक्टर यकृताची तपासणी करत राहतात. कुठल्याही आजारावरचं औषध म्हणून मंजूर झालेला सीबीडी व्हेप अमेरिकेत एकही नाही.

कायद्याचं चित्र देशागणिक बदलतं आणि त्यात दोन वेगळे कायदे असतात, एक सीबीडीचा आणि एक व्हेपचा. मार्सेतल्या एका कंपनीचा सीबीडी व्हेप फ्रान्सने अडवला, तेव्हा युरोपीय संघाच्या न्यायालयाने १९ नोव्हेंबर २०२० ला सांगितलं की एका सदस्य देशात कायदेशीरपणे बनलेलं सीबीडी हे अमली पदार्थ नाही आणि आरोग्याचा ठोस धोका दाखवल्याशिवाय ते रोखता येणार नाही. अमेरिकेने २०१८ च्या कायद्यात हेम्पसाठी ०.३ टक्के टीएचसीची मर्यादा घातली, तर स्वित्झर्लंडमध्ये ती १ टक्का आहे. हाँगकाँगने १ फेब्रुवारी २०२३ पासून सीबीडीलाच धोकादायक अमली पदार्थांत टाकलं. भारतात २०१९ च्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात बंद आहे, आणि व्याख्येतच ‘निकोटिन असो वा नसो’ असं म्हटलं असल्याने सीबीडी व्हेप त्यातून सुटत नाही. एका विमानतळावर खिशात चालणारी वस्तू पुढच्या विमानतळावर गुन्हा ठरू शकते.

मैत्रिणीने विक्रेत्याला तिच्या बॅचचा अहवाल मागणारं पत्र पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं: सोबत अहवाल जोडला आहे, कळावे. उघडून पाहिला तर तोच दोन वर्षांपूर्वीचा कागद. या वेळी फक्त बॅच नंबरच्या जागी पांढरी पट्टी होती आणि त्यावर तिचा नंबर वेगळ्या टायपात लिहिलेला होता. ड्रॉपरवाली बाटली तिने ठेवली, जिभेखाली घेण्यासाठी. चोचवाली अजून तिच्या टेबलावर आहे, तिच्यातल्या बुडबुड्यासकट.